अंदमानला नेण्यासाठी मार्गदर्शक पुस्तक कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानला जाऊन आल्यापासून ओळखीतली माणसं मला दोनच गोष्टी विचारतात: कधी जाऊ आणि कोणतं पुस्तक घेऊ? पहिल्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येतं, दुसऱ्याला नाही. म्हणून हे प्रश्नोत्तर. इथे एकाही मार्गदर्शक पुस्तकाची शिफारस नाही, कारण आवृत्त्या बदलतात आणि काल चांगलं असलेलं पुस्तक आज जुनं होतं. दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत पुस्तक पारखता यावं, यासाठी हे लिहिलं आहे.

हातात फोन असताना पुस्तक कशाला?

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली आणि अंदमानातलं इंटरनेट खूप सुधारलं. त्याआधी सगळा भार उपग्रहावर होता. तरीही बोटीत, जंगलातल्या रस्त्यावर आणि लहान बेटांवर रेंज जाते. आणि आपल्याला नेमकी तिथेच माहिती हवी असते, हॉटेलच्या खोलीत बसून नको असते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फोन आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. डिसेंबरात अंदमानला संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे विचारायला हवं हेच कोणाला सुचत नाही. चांगलं पुस्तक ते न विचारता सांगतं.

महाबळेश्वरच्या पुस्तकात आणि बेटाच्या पुस्तकात असा काय फरक असतो?

चुकीची किंमत वेगळी असते. महाबळेश्वरला पुस्तकाने सांगितलेला पॉइंट बंद निघाला तर आपण गाडी वळवतो आणि दुसऱ्या पॉइंटवर जातो. तास वाया जातो, बस. अंदमानातल्या नील बेटावर बोटीची वेळ चुकली तर रात्र तिथेच काढावी लागते, शेजारच्या हॅवलॉक बेटावरचं भरलेलं बुकिंग हातचं जातं आणि पुढचं विमान धोक्यात येतं. पाच-सहा दिवसांच्या सहलीत एक दिवस जाणं फार महागात पडतं.

म्हणून बेटाचं पुस्तक निवडताना मी आधी हॉटेलांची यादी किंवा छायाचित्रं बघत नाही. बोट, भरती-ओहोटी, सूर्य, पाऊस आणि बंद असण्याचे वार या पाच गोष्टी त्यात नीट आहेत का ते बघते. त्या नीट असतील तर बाकीचं उन्नीस-बीस चालतं.

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय बघू?

मुखपृष्ठ उलटा आणि प्रकाशनाचा तपशील छापलेलं पान काढा. तिथे ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे दोन शब्द शोधा. आवृत्ती म्हणजे मजकुरावरून पुन्हा हात फिरवलेला असतो, निदान फिरवायला हवा. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. ‘दुसरी आवृत्ती २०१४, पाचवं पुनर्मुद्रण २०२३’ असं लिहिलं असेल तर तुमच्या हातातली माहिती २०१४ची आहे, कागद कितीही नवा असो. अनेकजण मलपृष्ठावरचा ताजा किमतीचा शिक्का बघून फसतात.

मग थेट नावांवर या. डिसेंबर २०१८ मध्ये तीन बेटांची नावं बदलली: रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, नील शहीद द्वीप झालं आणि हॅवलॉक स्वराज द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं. पुस्तकात यातलं काय आहे आणि काय नाही, एवढ्यावरून ते शेवटचं कधी तपासलं गेलं ते कळतं. कोणालाही विचारायला नको.

मग पुस्तकात नवी नावं हवीत की जुनी?

दोन्ही. सरकारी कागदांवर नवं नाव असतं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं. फक्त ‘स्वराज द्वीप’ छापलेलं पुस्तक घेऊन तुम्ही जेट्टीवर गेलात आणि समोरचा ‘हॅवलॉक, हॅवलॉक’ ओरडत असला तर क्षणभर गोंधळ होतो. सूचीमध्ये दोन्ही नावं, एकाकडून दुसऱ्याकडे बोट दाखवणारी असतील, तर संपादकाने वाचकाचा विचार केला आहे असं समजा.

सूर्याचं एवढं काय?

भारतभर घड्याळ एकच, पण मुंबई आणि पोर्ट ब्लेअर यांच्यात जवळजवळ वीस रेखांशांचं अंतर आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटं झाली. थंडीत मुंबईत सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तिथे तासाभराने लवकर जातो आणि पहाट साडेपाचलाच उजाडते. उन्हाळ्यात तर पाचलाच लख्ख असतं.

याचा अर्थ असा की आपली नेहमीची सवय, म्हणजे सकाळी दहाला आरामात नाश्ता, दुपारी वामकुक्षी आणि पाचला किनाऱ्यावर, तिथे सपशेल चुकते. पुस्तकातला ‘पहिला दिवस, दुसरा दिवस’ असा आखलेला कार्यक्रम वाचून बघा. त्यात ‘संध्याकाळी सहा वाजता राधानगरला सूर्यास्त’ असं (राधानगर म्हणजे हॅवलॉकचा प्रसिद्ध किनारा) असेल तर तो लेखक तिथे घड्याळ लावून उभा राहिलेला नाही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पुस्तकात कसं असेल? ते तर रोज बदलतं.

रोजच्या वेळा पुस्तकात असू शकत नाहीत. पण कुठल्या ठिकाणाला ओहोटीच लागते आणि कुठे भरती बरी, हे पुस्तकाने सांगायलाच हवं.

आमचंच सांगते. जानेवारीत आई-बाबांना घेऊन गेले होते. सोबतच्या पुस्तकात नीलच्या नैसर्गिक पुलाबद्दल (ही किनाऱ्यावरची खडकाची कमान) ‘अवश्य पाहावे, दुपारी चारनंतर गर्दी कमी’ एवढंच होतं. आम्ही मुद्दाम चारला गेलो. गर्दी खरोखरच नव्हती, कारण पुलापर्यंत जायची वाटच पाण्याखाली होती. तिथे खडकांतून, डबक्यांच्या कडेकडेने चालत जायचं असतं आणि ते खडक ओहोटीलाच उघडे पडतात. बाबा चपला हातात घेऊन वाळूत उभे राहिले आणि समोर नुसतं पाणी बघत राहिले. शहाळी विकणारी बाई म्हणाली, ‘सुबह आना था.’ दुसऱ्या दिवशी सकाळची आमची बोट होती. बाबांनी तो पूल अजून पाहिलेला नाही.

आपल्या कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यावरच हा हिशेब उभा आहे. अंदमानात तो जसाच्या तसा लावू नका, तिथली भरतीची घटका वेगळी आहे. पण रोज किती पुढे जायचं ते गणित तेच. पहिल्या दिवशी हॉटेलात ओहोटीची वेळ विचारून घेतली की पुढच्या दिवसांची तुम्हीच काढू शकता. ही चार ओळींची गोष्ट एखाद्या पुस्तकात असेल तर बाकीचं न वाचताही ते विकत घ्यावं असं मला वाटतं.

हंगामाबद्दल सगळी पुस्तकं ‘ऑक्टोबर ते मे’ म्हणतात. बरोबर आहे का?

ढोबळमानाने. अंदमानला दोन पाऊस आहेत. नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मे महिन्याच्या उत्तरार्धात तिथे पोचतो, आणि परतीचा ईशान्य पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात सुद्धा रेंगाळतो. बंगालच्या उपसागरातली वादळंही त्याच सुमाराला उठतात. वादळ आलं की बोटी बंद. आपल्याला दिवाळीची सुट्टी सोयीची, आणि नेमकं तेव्हाच हवेची खात्री कमी. जानेवारी ते एप्रिल हा काळ मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. पुस्तकात महिनेवार तक्ता असेल आणि ‘या महिन्यात बोटी रद्द होण्याची शक्यता’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर ते उजवं.

नकाशे कसे तपासायचे?

एक सोपी परीक्षा आहे. सूचीत ‘रॉस’ काढा. अंदमानात रॉस नावाची दोन बेटं आहेत. एक पोर्ट ब्लेअरच्या अगदी समोर, इंग्रजांचं जुनं मुख्यालय, ज्याचं आता नेताजी द्वीप झालं. दुसरं पार उत्तरेला, दिगलीपूरजवळ, स्मिथ बेटाला वाळूच्या दांड्याने जोडलेलं. दोन्हींमध्ये रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर अंतर आहे. वाळूच्या दांड्याचं छायाचित्र पहिल्याच्या वर्णनाशेजारी छापलेलं असेल तर पुस्तक खाली ठेवा.

शिवाय हॅवलॉकच्या नकाशात किनाऱ्यांचे क्रमांक हवेत. तिथे विजयनगरला पाच नंबर आणि राधानगरला सात नंबर म्हणतात, आणि हॉटेलवाले पत्ता सांगताना नंबरच सांगतात. नकाशाला प्रमाणपट्टी आहे का तेही बघा. प्रमाण नसलेला नकाशा म्हणजे चित्र.

रद्दीवाल्याकडे किंवा फुटपाथवर जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं. घेऊ का?

इतिहासासाठी जरूर घ्या, प्रवासासाठी त्यावर विसंबू नका. मी स्वतः अप्पा बळवंत चौकातून आणि मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून अशी पुस्तकं घेतलेली आहेत.

वर्ष फाटलेलं किंवा खोडलेलं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, किती आकडी आहे ते मोजा. २००७ पासून तो तेरा आकडी झाला. नुसता दहा आकडी असेल तर पुस्तक त्याआधीचं. आणि २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीआधीचं असेल तर त्यातला भूगोलच काही ठिकाणी बदललेला आहे. त्या भूकंपात उत्तर अंदमानातली जमीन वर उचलली गेली, प्रवाळ उघडे पडून मेले. दक्षिणेला उलट झालं. पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटला भातशेतीत समुद्र शिरला आणि तिथेच राहिला. भारताचं दक्षिण टोक, ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचलं.

सेल्युलर जेलवर किती पानं असावीत?

आपण मराठी माणसं अंदमानला जातो त्यात या इमारतीचा वाटा मोठा असतो. अनेकांना तर समुद्रात उतरायचंही नसतं, त्या कोठडीसमोर उभं राहायचं असतं. म्हणून हा भाग जरा बारकाईने तपासा.

इमारत १८९६ ते १९०६ या काळात बांधली. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, त्यातल्या तीन आज उभ्या आहेत. एका इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे येईल अशी रचना, म्हणजे कोठडीच्या गजांतून दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसायला नको. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद, आणि झरोका हात पोचणार नाही इतका उंच. ही रचना समजावणारी एक रेखाकृती पुस्तकात हवीच. ती नसेल तर माणूस लांबलचक व्हरांडे बघून परत येतो आणि ‘एकांत’ या शब्दाचा अर्थ त्याला कळत नाही.

कोलूबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढायचं, हा आकडा पुस्तकात असायला हवा. आवारात ठेवलेली घाण्याची प्रतिकृती बघताना आई त्या दांड्याला हात लावून बराच वेळ उभी होती. घरी दिवाळीला तेलाचं भांडं उचलताना तिला तो आकडा आठवतो, असं ती सांगते.

सावरकर ४ जुलै १९११ला तिथे पोचले आणि मे १९२१ मध्ये त्यांना तिथून हलवलं. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून तिथे होते. मात्र पुस्तक इथेच थांबत असेल तर ते अपुरं आहे. तिथल्या राजबंद्यांमध्ये सगळ्यात मोठी संख्या बंगालच्या तरुणांची होती, त्याखालोखाल पंजाबचे. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये कोठडीत जीव दिला. उल्हासकर दत्तांच्या मनाचा तोल छळाने गेला. १९३३च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मोइत्रा आणि मोहनकिशोर नामदास गेले. या नावांसाठी दोन पानं तरी द्यायला हवीत. तिथल्या भिंतींवरच्या फलकांवर ही नावं प्रांतवार कोरलेली आहेत. आधी वाचून गेलात तर ती नुसती यादी राहत नाही.

‘माझी जन्मठेप’ वाचलं आहे. ते पुरेसं नाही का?

जेलच्या आत शिरण्यासाठी त्याच्याइतकं जवळचं दुसरं काही मराठीत नाही. जाण्याआधी वाचा, वाचलं असेल तर पुन्हा वाचा. पण ते एका कैद्याचं आत्मकथन आहे. जेलच्या पुढचा इतिहास, म्हणजे १९४२ ते १९४५चा जपानी ताबा, ३० डिसेंबर १९४३ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला फडकवलेला तिरंगा, ११ फेब्रुवारी १९७९ला जेलला मिळालेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा, यासाठी मार्गदर्शक पुस्तक लागेल. प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाची तिकिटं कशी काढायची, कोणत्या वारी काय बंद असतं, हेही त्यातच मिळेल.

जारवा लोकांबद्दल पुस्तक काय म्हणतं हे का तपासायचं?

कारण यात लेखकाची नियत दिसते.

पोर्ट ब्लेअरहून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला जाताना जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट हा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी, ताफ्याने, पोलिसांच्या देखरेखीखाली सोडतात. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. आदिवासींच्या संरक्षणासाठी १९५६ पासून कायदा आहे आणि तो मोडला तर तुरुंगवास होऊ शकतो.

हे नियम कशासाठी आहेत ते सांगणारं पुस्तक निवडा. जारवा संख्येने काही शेकडाच आहेत. बाहेरच्या लोकांशी त्यांचा मैत्रीचा संबंध येऊ लागला तो १९९०च्या दशकाच्या शेवटी. पाठोपाठ १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे ज्या आजाराची लस बालवाडीआधी टोचून होते, तो त्यांच्यासाठी जीवघेणा. आपण खिडकीतून दिलेलं बिस्किट किती दूरवर जाऊ शकतं याचा विचार करा.

‘वाटेत आदिवासींचे दर्शन होऊ शकते’ असं वाक्य मी एकापेक्षा जास्त पुस्तकांत वाचलं आहे. वाघ दिसेल असं सांगावं तसं माणसांबद्दल लिहिलेलं. असं वाक्य दिसलं की ते पुस्तक मी परत फळीवर ठेवते, त्यातले नकाशे कितीही चांगले असोत. बाहेरच्यांशी संबंध न ठेवणारे आदिवासी राहतात त्या उत्तर सेंटिनेल बेटाजवळ जाण्याची ‘सोय’ सुचवणारं पुस्तक किंवा माणूस, दोघांपासून लांब राहा. त्या बेटाभोवती पाच सागरी मैलांपर्यंत जायला बंदी आहे.

बाराटांगला जावं की नाही, हा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवायचा आहे. आम्ही गेलो नाही.

‘आशियातला सर्वोत्तम किनारा’ अशा विशेषणांवर किती विश्वास ठेवू?

विशेषणाशेजारी वर्ष छापलंय का ते बघा. राधानगरला ‘टाइम’ मासिकाने तो मान दिला २००४ मध्ये. २०२०ला तिथे ब्लू फ्लॅग मिळाला, म्हणजे स्वच्छता आणि सोयींची पारख झाली. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत, पण वर्षांसकट. आणि राधानगर खरोखर सुंदर आहे, त्याला कोणाच्या शिक्क्याची गरज नाही.

तसंच पोहणाऱ्या हत्तीचं. हॅवलॉकचा राजन हत्ती समुद्रात पोहायचा, त्याचे फोटो जगभर गेले. तो २०१६ मध्ये वारला. त्यानंतरच्या पुस्तकात ‘हत्तीबरोबर पोहण्याचा आनंद घ्या’ असं असेल तर कोणीतरी कुठूनतरी उतरवून काढलं आहे.

सुरक्षिततेबद्दल पुस्तकात काय असलंच पाहिजे?

मगर. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे आणि खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ तिचा वावर असतो. २०१० मध्ये राधानगरच्या बाजूच्या नील्स कोव्हला पाण्यात उतरलेल्या एका परदेशी पाहुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पर्यटकांना घाबरवायला नको म्हणून हा विषय गाळणारी पुस्तकं आहेत. मला ते पटत नाही. सूचनाफलक कुठे असतात आणि जीवरक्षक असलेल्या पट्ट्यातच का पोहायचं, एवढं लिहिलं तरी पुरे.

दुसरं, स्कूबा. डाइव्ह केल्यानंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एक डाइव्ह असेल तर किमान बारा तास, जास्त असतील तर अठरा तास मध्ये जायला हवेत. शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी परतीचं विमान असा कार्यक्रम छापणारं पुस्तक धोकादायक आहे. स्पष्टच सांगते.

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत, विमानतळावर सामान तपासतात, हेही हवं. मुलांना आधी सांगितलं की ती ऐकतात.

घरच्या वयस्कर माणसांना घेऊन जातोय. वेगळं काही बघू?

पुस्तकात ‘किती चालायचं, किती चढायचं’ हे लिहिलंय का ते बघा. बहुतेक पुस्तकं तरुण, पाठपिशवीवाल्या माणसासाठी लिहिलेली असतात. जेलच्या वरच्या मजल्यावर आणि गच्चीवर जायला जिने आहेत. लहान बेटांवर काही ठिकाणी जेट्टी नसते, होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. नैसर्गिक पुलाची वाट निसरड्या खडकांची. बाराटांगला पहिला ताफा गाठायचा तर पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागतं. या गोष्टी आधी माहीत असल्या की कोणाला कुठे बसवायचं ते ठरवता येतं.

अक्षराचा आकारही दुकानातच बघून घ्या. चष्मा लावून बाबांना वाचता येत नसेल तर ते पुस्तक सहलभर तुम्हालाच मोठ्याने वाचावं लागेल.

मराठी पुस्तक घेऊ, हिंदी की इंग्रजी?

नकाशे, बोटी आणि डायव्हिंगची माहिती इंग्रजी पुस्तकांत सहसा जास्त नेमकी असते. मराठी पुस्तकं जेलचा इतिहास आणि जेवणाखाण्याच्या सोयी आपल्या गरजेनुसार सांगतात. मात्र मराठीतली बरीच पुस्तकं प्रवासवर्णनं असतात. प्रवासवर्णन वाचायला सुंदर, पण बोट कुठल्या जेट्टीवरून सुटते हे त्यात शोधू नये. जमलं तर एक इंग्रजी मार्गदर्शक सोबत न्यावं आणि एक मराठी प्रवासवर्णन आधी वाचनालयातून आणून वाचावं.

भाषेची अडचण तिथे येत नाही. बंगाली, तमिळ, तेलुगू, झारखंडकडून आलेली माणसं एकमेकांशी हिंदीतच बोलतात.

टूर कंपनीबरोबर जातोय. सगळं तेच बघणार आहेत.

तरी घ्या, पण पातळ घ्या. कार्यक्रमपत्रिकेत ‘रॉस बेट, दीड तास’ असं असतं. झाडांच्या मुळांनी गिळलेलं चर्च, बेकरी, बॉलरूम कुठे होती आणि जून १९४१च्या भूकंपानंतर बेट का ओस पडलं, हे आदल्या रात्री दोन पानं वाचली असतील तर तो दीड तास कारणी लागतो.

ई-पुस्तक चालेल का?

चालेल, उतरवून घेतलेलं असेल तर. उन्हात पडदा दिसत नाही आणि वाळू-पाण्यात फोन बाहेर काढायची भीती वाटते, एवढं लक्षात ठेवा. कागदी घेणार असाल तर शिवण बांधणीचं घ्या. नुसत्या डिंकाने चिकटवलेलं पुस्तक दमट हवेत तिसऱ्या दिवशी पानं सोडायला लागतं. मी नकाशाच्या पानांचे फोटो काढून ठेवते आणि पुस्तक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत नेते. वांडूरहून जॉली बॉय बेटाला जाताना मात्र प्लॅस्टिक चालत नाही, तेव्हा ती पिशवी खोलीवरच राहते.

अमेरिकेतून भाऊ येतोय, त्याचा पासपोर्ट परदेशी आहे. पुस्तकातले परवान्याचे नियम ग्राह्य धरू का?

नाही. २०१८ मध्ये परदेशी नागरिकांसाठीचे नियम बऱ्याच बेटांपुरते सैल झाले, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकातलं हे प्रकरण रद्द समजा. नंतरच्या पुस्तकातलंही फक्त दिशा म्हणून वाचा आणि तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर खात्री करा. आदिवासी राखीव क्षेत्रांसाठी वेगळी परवानगी लागते, ती भारतीयांनाही लागते. ‘अंदमान-निकोबार’ असं मुखपृष्ठावर असलं तरी निकोबार सर्वसाधारण सहलीचा भाग नाही, हे चांगलं पुस्तक पहिल्याच पानांत सांगतं.

अंदमान आणि लक्षद्वीप एकत्र असलेलं पुस्तक स्वस्त पडतं. घ्यावं का?

मी घेणार नाही. दोन्ही बेटं आहेत एवढंच साम्य. एक बंगालच्या उपसागरात, डोंगर आणि घनदाट जंगलाचं. दुसरं अरबी समुद्रात, प्रवाळाचं, सपाट, नारळाचं. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही आधी परवाना लागतो, बंगाराम सोडलं तर दारूबंदी आहे, भाषा मल्याळम आणि मिनिकॉयला महल. दोघांना एका पुस्तकात कोंबलं की दोघांवर अन्याय होतो, आणि पानं मारली जातात ती नेमकी बोटींच्या माहितीची.

सहल झाल्यावर पुस्तकाचं काय करू?

जिथे चुकीचं आढळलं तिथे समासात पेन्सिलने बरोबर माहिती लिहा, शेजारी तारीख टाका आणि पुढच्या जाणाऱ्याला द्या. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकात असतोच. चूक मोठी असेल तर पत्र किंवा ईमेल पाठवा. मी नीलच्या पुलाबद्दल पाठवलं होतं. ते पुस्तक सध्या माझ्या मावसभावाकडे आहे. तो फेब्रुवारीत जातोय. पुलाच्या पानावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘ओहोटी विचारून जाणे. बुटाचा तळवा खडबडीत हवा.’